ब्रशला रक्त लागलं म्हणून ब्रश थांबवू नका

सकाळी चूळ भरताना बेसिनमध्ये लालसर पाणी दिसलं की बहुतेक माणसं दोनपैकी एक गोष्ट करतात. ब्रश बाजूला ठेवून बोटानं मंजन लावायला लागतात, नाहीतर तेवढी जागा सोडून बाकीच्या दातांवरून ब्रश फिरवतात. सांगली-मिरज आणि आसपासच्या गावांतल्या लोकांचे दात बघताना हे रोज कानावर येतं: ‘रगत यायला लागलं म्हणून ब्रश सोडला, डॉक्टर.’ हिरडीला इजा होईल या भीतीनं माणूस ब्रश सोडतो, आणि तिथूनच आजार जोर धरतो. रक्त येतं ते बहुतेक वेळा त्या जागेची सफाई कमी पडल्यामुळे. ती जागा सोडली की तिथला मळ वाढतो, सूज वाढते आणि रक्तही वाढतं.

हिरड्यांच्या आजारानं दात जातात. कीड अजिबात नसलेले, पांढरेशुभ्र, धडधाकट दातही जातात. माणूस म्हणतो, ‘दात चांगलाच होता, पण हलायला लागला आणि पडला.’ आपल्याकडे वयाबरोबर दात पडायचेच असं धरून चालतात. पण नुसत्या वयामुळे दात पडत नाहीत. त्यामागे बहुतेक वेळा वर्षानुवर्षं चाललेला, न दुखणारा हिरड्यांचा आजार असतो, आणि तो बराचसा टाळता येतो. कसा, तेच इथे क्रमानं सांगतो आहोत.

नेमकं होतं काय

दात घासल्यावर काही तासांतच त्यांच्यावर जिवाणूंचा एक पातळ, चिकट थर बसायला सुरुवात होते. याला प्लाक म्हणतात. जीभ फिरवली की दात बुळबुळीत लागतात, तो हाच. हा थर मऊ असतो, ब्रशनं सहज निघतो. चूळ भरून मात्र निघत नाही, मग चूळ साध्या पाण्याची असो की महागड्या माउथवॉशची.

थर तसाच राहिला तर हिरडी सुजते. हे किती लवकर होतं ते १९६५ साली हॅराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये दाखवून दिलं. निरोगी हिरड्यांच्या तरुणांना त्यांनी दात साफ करणं थांबवायला सांगितलं. दहा दिवस ते तीन आठवडे एवढ्या काळात सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा नीट घासायला लावल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण घरी करायच्या उपायांचा सगळा भरवसा त्यावरच आहे. या पहिल्या टप्प्याला जिंजिव्हायटिस म्हणतात. हिरडी लाल होते, फुगते, ब्रश लागला की रक्त येतं, पण आतलं हाड शाबूत असतं. इथून पूर्ण माघारी येता येतं.

न निघालेल्या प्लाकमध्ये लाळेतले क्षार साठतात आणि तो कडक होतो. हे दातांवरचं कीटण, दवाखान्यातल्या भाषेत टार्टर. काहींच्या तोंडात दोन-तीन दिवसांतच ते धरायला लागतं. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला ते सगळ्यात जास्त साठतं, कारण लाळग्रंथींच्या नळ्या तिथेच उघडतात. कीटण एकदा धरलं की कुठल्याही पेस्टनं, मंजनानं किंवा घरगुती उपायानं निघत नाही. त्याचा खरखरीत पृष्ठभाग नव्या प्लाकला आयती जागा देतो.

पुढचा टप्पा पेरिओडोंटायटिस. जुनी मंडळी याला पायोरिया म्हणतात. निरोगी हिरडी आणि दात यांच्यामध्ये साधारण १ ते ३ मिलिमीटरची खाच असते. सूज रेंगाळली की हिरडी दातापासून सुटत जाते, खाच खोल होते आणि तिचा खिसा बनतो. तो ४, ५, ७ मिलिमीटर असा वाढत जातो. ब्रश त्याच्या तळाशी पोचत नाही. आत जिवाणू सुरक्षित राहतात, शरीर त्यांच्याशी लढत राहतं, आणि या लढाईत दाताला धरून ठेवणारं हाड विरघळतं. गेलेलं हाड आपोआप भरून येत नाही. आहे ते टिकवणं हाच उपचाराचा मुख्य हेतू असतो.

हे सगळं होत असताना दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच उशीर होतो. दाढेत कीड खोल गेली तर माणूस रात्री उठून बसतो, सकाळी दवाखान्यात येतो. हिरडीचा रोगी मात्र ‘एवढा गळीत हंगाम संपू दे, मग बघू’ म्हणत तीन-चार हंगाम काढतो. तोवर दात हलायला लागलेले असतात.

आरशासमोर स्वतःच बघा

चांगल्या उजेडात, हात धुऊन, आरशासमोर उभं राहा. ओठ वर-खाली करून हिरडीची कड बघा. निरोगी हिरडीची कड दाताला घट्ट चिकटलेली, पातळ आणि दोन दातांमध्ये टोकदार असते. आपल्याकडे अनेकांच्या हिरड्या मुळातच तपकिरी किंवा काळपट असतात. तो त्वचेसारखाच नैसर्गिक रंग आहे, आजार नव्हे. बघायचं ते एवढंच, की कड लालभडक, जाडसर, चकचकीत झाली आहे का आणि दोन दातांमधलं टोक फुगलं आहे का.

मग छोटा आरसा किंवा मोबाइलचा कॅमेरा घेऊन खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू बघा. पिवळी-तपकिरी कडक पट्टी दिसली तर ते कीटण. जिभेनं चाचपलं तरी खरखर लागते.

याखेरीज काही खुणा रोजच्या वागण्यात कळतात. उशीवर किंवा थुंकीत रक्ताचा डाग. सकाळी ब्रश करूनही न जाणारा वास, जो घरच्यांना आधी कळतो आणि ते संकोचानं सांगत नाहीत. भाकरी किंवा मटणाचे धागे आधी न अडकणाऱ्या फटीत अडकायला लागणं. दात लांब झाल्यासारखे दिसणं. पुढच्या दोन दातांमध्ये नवीनच फट पडणं. पेरू किंवा ऊस खाताना दात किंचित दबल्यासारखा वाटणं. हिरडी दाबली की पू येणं. यातली एखादीही खूण असेल तर नुसत्या घरगुती सफाईवर थांबू नका.

कुणी विशेष सावध राहायचं

तंबाखूबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्या भागात ती अनेक रूपांत तोंडात जाते. बिडी-सिगारेट आहे, चुना लावून मळलेली तंबाखू आहे, २०१२ पासून राज्यात बंदी असूनही खाल्ला जाणारा गुटखा आहे, आणि घराघरांतल्या बायकांची मशेरी आहे. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू ती. सकाळी दात घासायला म्हणून सुरू होते आणि मग दिवसातून चार वेळा डबी उघडते. आजी सांगतात, ‘मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही बघा.’ ही सवय आजींनी हौसेनं लावून घेतलेली नसते. दात दुखला म्हणून लहानपणी कुणीतरी लावायला दिलेली असते, आणि निकोटिननं पुढे धरून ठेवलेली असते. त्यांना रागावून काही होत नाही.

पण सांगायला हवं ते असं. मशेरीनं दात स्वच्छ होत नाहीत. तिच्या घासण्यानं दाताची मान, म्हणजे हिरडीलगतचा भाग, झिजते आणि जिथे ती लावतात किंवा धरतात तिथली हिरडी खाली सरकते. गरोदरपणात मशेरी लावली तर बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका वाढतो. आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका तर मशेरी, गुटखा, मळलेली तंबाखू या सगळ्यांना आहेच. दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर देशात १९९२ सालीच बंदी आली, ती उगाच नाही.

बिडी-सिगारेटची गोष्ट आणखी फसवी आहे. धुरामुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून आजार असूनही रक्त कमी येतं. हिरडी वरून फिक्कट, घट्ट दिसते आणि आत हाड झिजत असतं. ओढणाऱ्या माणसानं ‘मला रक्त येत नाही’ यावर विसंबू नये. उपचारानंतर त्यांच्या हिरड्या भरूनही उशिरा येतात. सोडायचं ठरवलं असेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर फोन करता येतो, तिथे समुपदेशक बोलतात. निकोटिनचं च्युइंगम वगैरे डॉक्टरांना विचारून घ्या.

दुसरा मोठा विषय साखरेचा. मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना वाढवतात. साखर आटोक्यात नसेल तर जंतुसंसर्गाशी लढण्याची ताकद कमी होते आणि हाड लवकर झिजतं. उलट बाजूनं, हिरड्यांमधली जुनाट सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांवर नीट उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास खाली येतं, असं अनेक अभ्यास एकत्र करून दिसलं आहे. गोळी-इन्सुलिनची जागा ते घेत नाही, पण ज्यांची साखर पथ्य पाळूनही हटत नाही त्यांनी तोंड दाखवून घेणं फायद्याचं आहे. वारंवार हिरडीला गळू येत असेल आणि साखर कधी तपासलीच नसेल, तर आधी ती तपासा. कित्येकांचा मधुमेह असा दातांच्या खुर्चीवर उघडा पडतो.

गरोदरपणात संप्रेरकांच्या बदलामुळे तेवढ्याच प्लाकनं हिरडी जास्त सुजते. कधी दोन दातांमध्ये लाल गाठीसारखी वाढ येते. ती सहसा साधी असते, पण दाखवून घ्यावी. गरोदर बाईच्या दातांना हात लावायचा नाही हा समज चुकीचा आहे. दातांची सफाई गरोदरपणात सुरक्षित आहे, चौथा ते सहावा महिना त्यासाठी सगळ्यात सोयीचा. सुनेला सासूबाईंनी यासाठी स्वतःहून पाठवावं.

औषधांपैकी फिट्सवरची फेनिटॉइन, रक्तदाबावरची ॲम्लोडिपीन आणि निफेडिपीन, अवयवरोपणानंतरची सायक्लोस्पोरिन, यांनी काहींची हिरडी दातांवर चढल्यासारखी वाढते. गोळी स्वतःहून बंद करू नका. दाताच्या डॉक्टरांना गोळ्यांची पट्टी दाखवा, ते तुमच्या फिजिशियनशी बोलून पर्याय बघतात.

आणखी एक गोष्ट, जी सहसा कुणी सांगत नाही. काही घरांमध्ये हा आजार कमी वयात आणि झपाट्यानं येतो. पंधरा-वीस वर्षांच्या मुलामुलीचे पुढचे दात फाकायला लागले किंवा पहिली दाढ हलायला लागली, तर कीटण फारसं दिसत नसलं तरी थांबू नका. आईवडिलांचे दात चाळिशीच्या आत गेले असतील तर मुलांची तपासणी लवकर करून घ्या.

रोजची सफाई, पायरीपायरीनं

ब्रश मऊ केसांचा घ्या. कडक ब्रशनं जास्त स्वच्छ होतं हा गैरसमज आहे. त्यानं हिरडी सोलते आणि दाताची मान झिजते. ब्रशचं डोकं लहान असावं, मागच्या दाढेमागे पोचेल एवढं. केस वाकले की, किंवा तीन महिन्यांनी, ब्रश बदला.

पेस्ट फ्लोराइडची, मोठ्यांसाठी साधारण १००० ते १४५० पीपीएमची. हा आकडा नळीवर छापलेला असतो. वाटाण्याएवढी पुरते.

आता मुख्य भाग. ब्रश दातावर आडवा ठेवण्याऐवजी हिरडी आणि दात जिथे मिळतात त्या रेषेवर टेकवा, केस हिरडीकडे ४५ अंशांत तिरके करून. म्हणजे केसांची टोकं थोडी हिरडीच्या कडेखाली जातील. हलका दाब द्या, एवढाच की केस वाकणार नाहीत. तिथल्या तिथे अगदी छोटी, थरथरल्यासारखी पुढे-मागे हालचाल दहा-पंधरा वेळा करा. मग ब्रश दाताच्या टोकाकडे फिरवून मळ बाहेर ओढा. दोन-तीन दात झाले की पुढच्या दोन-तीन दातांवर सरका. करवतीसारखं जोरानं आडवं घासणं पूर्ण बंद.

क्रम ठरवून घ्या, नाहीतर काही जागा रोज सुटतात. वर उजवीकडच्या शेवटच्या दाढेच्या गालाकडच्या बाजूनं सुरुवात करा, डावीकडे पोचा, मग आतल्या बाजूनं परत या. तसंच खाली. शेवटी चावण्याचे पृष्ठभाग. खालच्या पुढच्या दातांच्या आत ब्रश उभा धरून त्याच्या पुढच्या टोकानं साफ करा. कीटण सगळ्यात जास्त तिथेच धरतं आणि ब्रश सगळ्यात कमी तिथेच पोचतो. या सगळ्याला किमान दोन मिनिटं लागतात. घड्याळ लावून एकदा बघा, आपण आजवर किती घाई करत होतो ते कळेल.

दिवसातून दोनदा घासा. एकच वेळ जमणार असेल तर रात्रीची. झोपेत लाळ कमी सुटते आणि जिवाणूंना मोकळं रान मिळतं. आपल्याकडे सकाळचं घासणं ही जवळजवळ पूजेआधीची शुद्धी आहे, ती कुणी चुकवत नाही. रात्रीचं मात्र राहून जातं. जेवणानंतर बडीशेप खाल्ली की दिवस संपतो. बडीशेप खा, पण त्यानंतर ब्रश करा आणि मग पाण्याखेरीज काही नको.

पहिले काही दिवस रक्त येईल. सुजलेल्या जागेवर तसंच हलक्या हातानं घासत राहा. फक्त जिंजिव्हायटिस असेल तर आठवडा-दोन आठवड्यांत रक्त कमी होत जातं. दोन आठवडे नीट घासूनही थांबलं नाही, तर आत कीटण आहे किंवा दुसरं काही कारण आहे, आणि दवाखाना गाठायला हवा.

ब्रश दोन दातांच्या मधे पोचत नाही, आणि हिरड्यांचा आजार बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. दात चिकटून असतील तर फ्लॉसचा धागा वापरा. हातभर धागा दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळा, हळूच फटीत उतरवा, दाताला इंग्रजी सी अक्षरासारखा वळसा देऊन वर-खाली घासा, मग शेजारच्या दाताला. फटी मोठ्या झाल्या असतील तर इंटरडेंटल ब्रश जास्त चांगला. बाटली धुण्याच्या ब्रशचंच इवलंसं रूप असतं ते. वेगवेगळ्या जाडीचे मिळतात. कुठल्या फटीला कुठला, हे एकदा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. गावाकडच्या मेडिकलमध्ये सांगून मागवावा लागतो. टाचणी, काडेपेटीची काडी किंवा सेफ्टी पिननं कोरणं बंद करा. हिरडीला जखम होते आणि फट वाढत जाते.

घरगुती उपायांचं काय

मीठ-पाण्याच्या गुळण्या चांगल्या. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून दोन-तीनदा. सुजलेल्या हिरडीला आराम पडतो. रक्तदाब असेल तर पाणी गिळू नका.

हळदीचं नाव सांगलीत घेतल्याशिवाय कसं राहायचं? इथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि हळदीतल्या कर्क्युमिनवर हिरड्यांच्या सुजेसाठी अभ्यासही झाले आहेत. सूज उतरायला तिचा थोडा हातभार लागतो असं त्यांतून दिसतं. पण हळद कीटण काढत नाही आणि खिशाच्या तळाशी पोचत नाही. हिरडीवर हलकेच लावली तर हरकत नाही, ब्रशच्या जागी मात्र नको. हळदीत तेल-मीठ कालवून खरखरीत लेप घासणंही नको.

कडुलिंबाची किंवा बाभळीची काडी चावून मऊ कुंचला करून वापरणारी आजोबांची पिढी अजून आहे. कुंचला मऊ असेल आणि हिरडी न सोलता फिरवला तर बाहेरच्या बाजूचा मळ निघतो. आतल्या बाजूला आणि दाढांमागे काडी पोचत नाही. राखुंडी, कोळसा, विटेची पूड यांनी दात लख्ख वाटतात ते झिजल्यामुळे. ऊस सोलून खाल्ल्यानं दात साफ होतात हाही असाच समज आहे. चावण्याची बाजू पुसली जाते, हिरडीची कड तशीच राहते, वर रसाची साखर मागे उरते. लवंगतेल दाताच्या कळेवर तात्पुरतं ठीक, पण हिरडीवर थेट ओतलं तर भाजतं.

क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश, ०.२ टक्क्यांचं, उपयोगी औषध आहे, पण ते औषधच आहे. डॉक्टरांनी सांगितल्यास १० मिलिलिटर, दिवसातून दोनदा, साधारण दोन आठवडे. पेस्टनं घासल्यावर अर्धा तास थांबून वापरा, नाहीतर पेस्टमधल्या फेसाच्या घटकांमुळे त्याचा असर कमी होतो. महिनोन्‌महिने वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते.

दवाखान्यात काय करतात

पहिल्या भेटीत चांगला डॉक्टर फक्त आरशानं बघून थांबत नाही. मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बोथट काडी हिरडी आणि दात यांच्यामध्ये हलकेच घालून, प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खाचेची खोली मोजतो. दात किती हलतो ते बघतो. गरज पडली तर एक्स-रे काढतो, त्यात हाड किती उरलं आहे ते दिसतं. जाताना तुमच्या गोळ्या, मधुमेह असेल तर अलीकडचा एचबीए१सी रिपोर्ट, आणि हृदयाची झडप बदलली असेल किंवा हाडांच्या ठिसूळपणाचं इंजेक्शन चालू असेल तर तीही माहिती सोबत न्या. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर सांगा, पण परस्पर बंद करून जाऊ नका. मधुमेहींनी सकाळची वेळ घ्यावी, नाश्ता करून आणि गोळी घेऊन जावं.

मग स्केलिंग, म्हणजे कीटण काढणं. बारीक थरथरणाऱ्या टोकानं आणि पाण्याच्या फवाऱ्यानं ते सुटं करतात. दाताचं आवरण खरवडलं जात नाही. ‘स्केलिंग केलं की दात ढिले होतात’ ही भीती इतकी पक्की बसली आहे की चांगली शिकलेली माणसंही उपचार टाळतात. कुंपणाच्या खांबाभोवतीची माती पावसानं वाहून गेली आणि तिथे कचरा अडकून राहिला, तर कचरा काढल्यावर खांब हलतोय हे कळतं; तो ढिला झालेला असतो माती गेली तेव्हाच. दातांचंही तसंच. हाड आधीच गेलेलं असतं. कीटण निघालं की सूज उतरते, हिरडी आकसून घट्ट बसते, आणि झाकलेल्या फटी उघड्या दिसतात. काही दिवस, कधी काही आठवडे, गार पाण्यानं झिणझिण्या येतात. त्यासाठी संवेदनशील दातांची पेस्ट मिळते. सूज उतरल्यावर किंचित हलणारे दात बऱ्याचदा आधीपेक्षा घट्ट होतात.

खिसे ४ मिलिमीटर किंवा जास्त असतील तर हिरडीच्या आतली, मुळावरची सफाई लागते. हिरडी बधिर करून, एकेका बाजूची, दोन ते चार भेटींत करतात. त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी सगळी मापं पुन्हा घेतात. तरीही खोल खिसे उरले आणि त्यातून रक्त येत राहिलं, तर हिरडी उघडून थेट मुळं साफ करण्याची छोटी शस्त्रक्रिया सुचवतात, काही ठिकाणी हाडाची पूड भरतात. हे काम शक्यतो हिरड्यांच्या तज्ज्ञाकडून, म्हणजे पेरिओडॉन्टिस्टकडून करून घ्यावं. फार हलणारे दात शेजाऱ्यांना तारेनं बांधून टिकवता येतात, सगळेच नाहीत. एखादा दात काढावा लागेल असं सांगितलं तर कारण आणि एक्स-रे दोन्ही दाखवायला सांगा. आणि ‘सगळे काढून टाका, कवळी बसवा’ असं कंटाळून स्वतःहून म्हणू नका. स्वतःचे उरलेले चार घट्ट दात कवळीलाही आधार देतात.

मेडिकलमधून मेट्रोनिडॅझोल-अमॉक्सिसिलिनचा कोर्स आणून सूज उतरवायची आणि दवाखाना टाळायचा, ही सवय फार आहे. गोळी त्या चिकट थरात पुरेशी शिरत नाही, कीटण जागेवरच असतं, आणि महिन्या-दोन महिन्यांत गळू परत येतं. प्रतिजैविकं लागतात, पण सफाईच्या जोडीला आणि डॉक्टरांनी ठरवली तरच. मेट्रोनिडॅझोल चालू असताना दारू पूर्ण वर्ज्य.

खर्चाची अडचण असेल तर दंत महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. सांगलीत भारती विद्यापीठाचं, कवलापूरला वसंतदादा पाटील यांच्या नावाचं, आणि साताऱ्याकडच्या लोकांना कराडजवळ मलकापूरला कृष्णा विद्यापीठाचं. तिथे हिरड्यांचा स्वतंत्र विभाग असतो, शिकणारे डॉक्टर अनुभवी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. खाजगीपेक्षा वेळ जास्त लागतो, म्हणून दिवस राखून जा आणि खर्चाचा अंदाज केस पेपर काढतानाच विचारा.

घाई कधी करायची

गाल किंवा हनुवटीखाली सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास: त्याच दिवशी दवाखाना, श्वासाला अडचण वाटली तर थेट मोठं रुग्णालय. ताप येऊन गेल्यावर हिरड्यांतून आपोआप रक्त आणि अंगावर लाल ठिपके दिसले तर डेंग्यूसारख्या आजारात प्लेटलेट्स घटलेल्या असू शकतात, लगेच फिजिशियनकडे जा. हिरड्या झपाट्यानं फुगल्या, सोबत फिकटपणा आणि थकवा असेल तर रक्ताची तपासणी करून घ्या. क्वचित रक्ताचा कॅन्सर असा दिसतो. आणि तोंडातली कुठलीही जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही तर दाखवायलाच हवा, तंबाखू खाणाऱ्यानं तर नक्कीच.

उपचार झाल्यावर

पेरिओडोंटायटिस आटोक्यात येतो, पण तो परत डोकं वर काढू शकतो. निरोगी हिरड्यांच्या माणसाला सहा महिने किंवा वर्षानं तपासणी पुरते. ज्यांचं हाड एकदा झिजलं आहे त्यांनी दर तीन-चार महिन्यांनी जावं, निदान पहिली दोन वर्षं. शेतीच्या घरात तारीख लक्षात राहत नाही, म्हणून ती सणांना बांधून घ्या: पाडवा, नागपंचमी, दिवाळी. घरातल्या सात-आठ वर्षांखालच्या मुलांचे दात रात्री स्वतः घासून द्या, त्यांच्या हाताला अजून ती सफाई जमत नाही.

प्रत्येक भेटीत खिशांची मापं लिहून मागा आणि तो कागद जपून ठेवा. ६ चं ४ झालं असेल तर तुमचा ब्रश योग्य जागी पोचतो आहे. ४ चं ५ झालं असेल तर तो दात कुठला ते आरशात दाखवून घ्या, तिथला इंटरडेंटल ब्रश एका मापानं मोठा लागतो का ते विचारा, आणि त्या जागेची आतली सफाई त्याच भेटीत करून घ्या.